होस्टला रिकामी दिसणारी डिस्क : व्हर्च्युअलायझेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये लिनक्स अ‍ॅडमिन म्हणून लागून मला आठ महिने झाले होते. रात्रपाळी होती. केव्हीएम होस्टला, म्हणजे ज्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालतात त्याला, बॅकअपसाठी 500 जीबीची नवी डिस्क जोडली होती, तिच्यावर फाइलसिस्टिम टाकायची, म्हणजे ती फॉरमॅट करायची, एवढंच काम. लिनक्सने तिला दिलेलं नाव दुपारच्या पाळीने लिहून ठेवलं होतं : एसडीसी (sdc). मधे होस्ट रीबूट झाल्याचंही हँडओव्हरमध्ये होतं, पण रीबूटनंतर ही नावं बदलू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके (lsblk) कमांड चालवली. एसडीसी, 500 जीबी, माउंटपॉइंटचा रकाना कोरा, म्हणजे डिस्क कुठे माउंट (वापरासाठी जोडलेली) दिसत नव्हती. फॉरमॅट करणाऱ्या एमकेएफएस (mkfs) कमांडने बजावलं की इथे आधीच एक्सएफएस फाइलसिस्टिम दिसतेय, तरीही लिहायचं असेल तर डॅश एफ (-f, जबरदस्तीचा पर्याय) लावा. जुना लन (स्टोरेजकडून होस्टला मिळणारी डिस्क) न पुसता दिला असेल, असं धरून मी डॅश एफ लावला.

ती डिस्क एका चालू व्हीएमची होती. व्हीएम काही मिनिटं चालत राहिली, मग आतली फाइलसिस्टिम बंद पडली. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून पहाटेपर्यंत रिस्टोअर झालं, पण त्या दिवशी लोकांनी भरलेल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

सकाळी सीनियर सर शेजारी बसले. म्हणाले, "माउंट आहे का, हे तू होस्टला विचारलंस. माउंट केलंय व्हीएमने. होस्टला कसं कळणार?"

हे नीट समजून घ्या. होस्टवर डिस्क माउंट असेल किंवा एलव्हीएमच्या (डिस्कचे व्हॉल्यूम पाडणारी लिनक्सची सोय) ताब्यात असेल, तर कर्नल तिचा एकहाती ताबा दुसऱ्याला देत नाही आणि एमकेएफएस थांबतं. व्हीएम चालवणारा प्रोग्राम, क्यूईएमयू, असा ताबा घेत नाही. 2.10 आवृत्तीपासून ते इमेजला (व्हीएमच्या डिस्कला) लॉक लावतं, पण तो लॉक दुसऱ्या क्यूईएमयूपुरता. एमकेएफएस तिकडे बघतही नाही.

म्हणून आम्ही व्हीएमला अख्खी डिस्क थेट देणं बंद केलं. आधी होस्टवर एलव्हीएम, मग त्यातला लॉजिकल व्हॉल्यूम व्हीएमला, आणि व्हॉल्यूमच्या नावातच व्हीएमचं नाव. आता एसडीसीवर कोणी एमकेएफएस चालवलं तर 'वापरात आहे' म्हणून ते नकार देतं, आणि एलएसबीएलकेमध्येही डिस्कखाली व्हॉल्यूम लटकलेला दिसतो. थेट डिस्क द्यावीच लागली तर एसडीसी नाही, बाय-आयडीचं (/dev/disk/by-id मधलं, रीबूटनंतरही न बदलणारं) नाव. ज्या होस्टला लनची गरज नाही त्याला तो दिसूच नये, हे स्टोरेजवाल्यांकडून करून घ्या.

फॉरमॅटआधी सीरियल नंबर तिकिटाशी ताडून बघा. व्हीएम सांभाळणाऱ्या व्हर्श (virsh) कमांडच्या डॉमबीएलकेलिस्टने (domblklist) प्रत्येक व्हीएमच्या डिस्क तपासा, बंद व्हीएमच्यासुद्धा. त्या हमखास राहून जातात.

आणि डॅश एफ मागितला की कीबोर्डवरून हात काढा, दुसऱ्या माणसाला दाखवा. रात्री दोनला फोन केला म्हणून आमच्या टीममध्ये कोणी चिडत नाही.