टॅपेटची टकटक, दोष मॅन्युअलचा

सकाळी दुचाकी सुरू केली की इंजिनच्या हेडमधून (वरच्या भागातून) टकटक. कोल्हापुरात उद्यमनगरच्या गॅरेजात दोनदा टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट करून घेतले, ऑइल बदललं. पंधरा दिवसांत परत तेच. लई वैताग! मोबाईलवरचं मॅन्युअल बघून स्वतः केलं, तरी आवाज. ते निघालं जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलचं. माझी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची, फ्युएल इंजेक्शनवाली), २०२१ ची.

मग आरसीवरचा चेसिस नंबर मॅन्युअलच्या सुरुवातीला दिलेल्या मालिकेशी जुळवला. जुळलं तेच घेतलं. नुसते फोटो असलेलं नको. गॅप (फट) आणि टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे हवेत.

इंजिन रात्रभर गार. प्लग काढून मॅग्नेटवरची (इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खूण, खाचेसमोर आणली, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल असल्याची खात्री केली. माझ्या मॅन्युअलात गॅप ०.०८ मि.मी.; फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडकत सरकलं पाहिजे. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून पुन्हा मोजलं.

रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या. टकटक गायब.