इलेक्ट्रिक ब्लँकेट वापरताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक ब्लँकेटची भीती वाटते ती शॉकची. पण बहुतेक वेळा घात करते ती कोंडलेली उष्णता. एका माणसाचं ब्लँकेट साधारण १०० वॅटच वीज घेतं, पण ही ऊब बाहेर पडायला वाट नसेल तर आतल्या तारा तापत राहतात.

म्हणून पहिली चूक म्हणजे चालू ब्लँकेट दुमडणं किंवा गादीखाली खोचणं. घडीत तारेवर तार येते आणि तेवढाच भाग जास्त तापतो. वर जाड रजई, उशांचा ढीग, झोपलेलं मांजर असेल तरी तेच. अंथरायचं ब्लँकेट पांघरू नका आणि पांघरायचं अंगाखाली घेऊ नका. दोन्हींची रचना वेगळी असते.

रात्रभर चालू ठेवण्याची सवय मला सगळ्यात वाईट वाटते. ४४ अंश सेल्सिअस ऐकायला फार नाही, पण त्वचा सलग सहाएक तास त्या तापमानाला राहिली तर भाजते. झोपेत ते कळतही नाही. झोपण्याआधी अर्धा तास गादी तापवा आणि आडवं होताना बंद करा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते अंगाशी चालू ठेवूच नये. तान्ह्या बाळासाठी तर अजिबात नाही.

ब्लँकेट गरमच होत नाही? आधी कडेला जोडलेला कंट्रोलरचा प्लग काढून नीट बसवा. पाय लागून तो बऱ्याचदा सैल झालेला असतो. डबल ब्लँकेटचे दोन कंट्रोलर अदलाबदल झाले तर गंमतच: थंडी वाजणारा आपलं बटण वाढवतो आणि घामाघूम होतो शेजारचा! एकाच पट्ट्यात ऊब नसेल तर मात्र आतली तार तुटली असण्याची शक्यता आहे. ते ब्लँकेट बाद.

धुताना कंट्रोलर काढा, लेबल वाचा, पिळू नका. ड्रायक्लीनिंगची रसायनं तारांवरचं आवरण खराब करतात. ओलसर असताना लावू नका. एक्स्टेन्शन बोर्ड नको, प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. हंगाम संपल्यावर सैल गुंडाळी करून ठेवा, वर काही रचू नका.

करपल्याचा डाग, जळका वास, वायर उघडी पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी टाके-टेप लावत बसू नका. टाकून देताना प्लग काढून वायर कापा, म्हणजे दुसरं कोणी उचलून ते वापरणार नाही.