ओरॅकल आयडेंटिटी मॅनेजर: लॉगिन चुकवणारी त्रुटी कशी बुजवावी आणि आधीच कोणी घुसले का ते कसे तपासावे

कर्मचाऱ्यांची खाती उघडणे, त्यांना अधिकार देणे, ते काढून घेणे ही कामे तुमच्या संस्थेत ओरॅकल आयडेंटिटी मॅनेजर करत असेल, तर आधी आवृत्ती पाहा. १२.२.१.४.० किंवा १४.१.२.१.० असेल, तर सीव्हीई-२०२५-६१७५७ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी तुम्हाला लागू आहे. तीव्रता १० पैकी ९.८. हल्लेखोराला पासवर्ड लागत नाही, सर्व्हरपर्यंत पोहोचता आले की पुरे.

मग ओरॅकलचा ऑक्टोबर २०२५ चा तिमाही पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, लावा. क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे अनेक सर्व्हर, असेल तर त्यातल्या प्रत्येक नोडवर, आणि चाचणीच्या सर्व्हरवरही. तो हमखास विसरला जातो. पॅचला वेळ लागणार असेल, तर तोवर इंटरनेटवरून येणारी वाट बंद करून ठरावीक अंतर्गत पत्त्यांनाच प्रवेश ठेवा.

खरे काम यापुढे आहे. लॉग काढा, तेही ऑगस्ट २०२५ पासूनचे. पॅच येण्याच्या कितीतरी आधी, ३० ऑगस्ट ते ९ सप्टेंबरदरम्यान, सॅन्स या सायबर सुरक्षा संस्थेच्या हनीपॉटवर, म्हणजे हल्लेखोरांना भुलवायला ठेवलेल्या सर्व्हरवर, या त्रुटीसाठी लागतात तशाच विनंत्या आदळल्या होत्या.

शोधायचे काय? यूआरएलच्या शेवटी अर्धविराम (;) आणि त्याला चिकटून ‘.डब्ल्यूएडीएल’ (.wadl) असलेल्या पोस्ट (POST) प्रकारच्या विनंत्या. सेवेचे वर्णन देणाऱ्या अशा ‘.डब्ल्यूएडीएल’ फायलींना लॉगिनची अट नसते. सुरक्षा फिल्टर यूआरएलचे शेपूट पाहून ‘ही तसलीच फाईल’ म्हणून सोडून देतो. सर्व्हर मात्र अर्धविरामापुढचा भाग बाजूला ठेवून मूळ सेवाच चालवतो. त्यातली एक सेवा ग्रूव्ही या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्क्रिप्टची रचना तपासते. स्क्रिप्ट फक्त कंपाइल होते, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलते, चालत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण ग्रूव्हीत ॲनोटेशनमधला, म्हणजे कोडला जोडलेल्या खास खुणेतला, कोड कंपाइल होतानाच चालवता येतो, आणि सर्व्हर हातचा जातो. लॉगमध्ये अर्धविराम ‘%३बी’ (%3B) असाही उमटलेला असू शकतो, तेव्हा दोन्ही रूपे शोधा. सर्व्हरवरचे लॉग पुसले गेले असतील, तर लोड बॅलन्सरचे, म्हणजे विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेचे, पाहा.

अशी विनंती सापडली, तर सर्व्हर नेटवर्कपासून तोडा, पण रीस्टार्ट करू नका. आधी मेमरी आणि डिस्कची प्रत घ्या. नंतर आयडेंटिटी मॅनेजरला इतर प्रणालींशी जोडणारे कनेक्टर ज्या सेवा-खात्यांनी त्यांत शिरतात, त्या खात्यांचे पासवर्ड बदला. हे सर्वात कटकटीचे आणि सर्वात टाळले जाणारे काम. शेवटी त्या काळात तयार झालेली खाती आणि वाढवलेले अधिकार एकेक करून मंजुरीच्या नोंदींशी ताडून पाहा. मंजुरी नसेल ते खाते लगेच गोठवा.