'सर, पाणी शंभरला उकळतच नाही' : सहावी-सातवीला विज्ञान शिकवताना या चुका टाळा

सातवीचा तास होता. शेगडीवर चंचुपात्र, त्यात पाणी, पाण्यात तापमापी. पाणी खळखळून उकळायला लागलं, पण पारा ९८ च्या जरासा वर जाऊन जो थांबला तो हलेचना. पहिल्या बाकावरच्या मुलीनं वहीत ९८ लिहिलं, शेजारणीच्या वहीत डोकावली, खोडरबर काढलं आणि १०० केलं. मी ते पाहिलं आणि चक्क 'शाब्बास' म्हणालो. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण ती शाब्बासकी अजून टोचते.

कारण खोडण्याआधी ती पोरगी बरोबर होती. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो, म्हणजे आपल्याकडे तो साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास यायला हवा. आला होता. पोरीच्या वहीत हवेचा दाब होता आणि मी तो रबरानं पुसू दिला.

आता मी हा प्रयोग मुद्दाम वर्षाच्या सुरुवातीला घेतो. आधी खऱ्या चुका तपासायला लावतो : तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकलाय का, डोळा पाऱ्याच्या पातळीत आहे का, तापमापी तिरकी धरलीय का. हे सगळं नीट केलं तरी ९८ च्या वरच घुटमळलं, की विचारायचं, 'मग पुस्तक खोटं बोलतं का?' वर्गात जी कुजबुज सुरू होते ती सुरू होऊ द्यावी. प्रेशर कुकरची गोष्ट कुणीतरी काढतंच. तिथं उलटं होतं. आत वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात आल्या की वायुदाबाचा निम्मा धडा झालेला असतो.

धडा जुलैचा, प्रयोग जानेवारीचा

नव्या शिक्षकांची सगळ्यात जास्त फजिती कशानं होत असेल, तर पुस्तकाच्या अनुक्रमणिकेनं. सोलापूरची हवा ती बघून चालत नाही.

स्थिर विद्युत घ्या. पट्टी केसांवर घासायची आणि कागदाचे कपटे उचलायचे. भर पावसाळ्यात हा प्रयोग हमखास फसतो, कारण हवेतल्या ओलीनं पट्टीवरचा भार टिकतच नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत तीच पट्टी कपटे टपाटप उचलते. तेव्हाही उचलत नसेल तर मुलांच्या डोक्याकडे बघा. आमच्याकडे निम्मी मुलं सकाळी तेल चोपडूनच शाळेत येतात. तेलकट केसांवर पट्टी कितीही घासा, काही होत नाही. प्लॅस्टिकची नळी कोरड्या कागदी रुमालावर घासा, काम भागतं.

याच्या उलट, थंड ग्लासच्या बाहेर पाण्याचे थेंब जमतात हे दाखवायला एप्रिल निवडू नका. इथली एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की थेंब उशिरा येतात, थोडे येतात आणि मागच्या बाकाला तर दिसतच नाहीत. ऑगस्टमध्ये बर्फ टाकल्या टाकल्या ग्लास घामेजतो. तेव्हा एक गोष्ट जरूर करा, बर्फाच्या पाण्यात लाल रंग टाका. मुलांची पक्की समजूत असते की पाणी काचेतून झिरपतं. बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालानं पुसले आणि रुमाल लाल झाला नाही, की ती समजूत ढासळते. नुसतं सांगून ढासळत नाही, मी सांगून पाहिलंय.

आणि एप्रिलमध्ये काय करायचं? बाष्पीभवन. त्याला सोलापूरसारखं गाव नाही. घरोघरी असतो तसा एक सोलापुरी टॉवेल ओला करून दोरीवर पसरून टाका, दुसरा तसाच ओला करून घडी घालून ठेवा. दोन्ही आधी तराजूवर तोलून घ्या, तास संपताना पुन्हा तोला. फरक तासाभरात हातात येतो. एक नवा माठ आणि एक स्टीलची कळशी शेजारी ठेवली तर आणखी उत्तम. मुंबईच्या दमट हवेत माठ इथल्याइतकं पाणी गार करत नाही, हे मामाकडे जाऊन आलेलं एखादं पोरगं आपणहून सांगतं.

पान काळं झालं, पण सगळंच

प्रकाश-संश्लेषणाच्या प्रयोगावर जरा थांबतो, कारण यात बिघडायच्या जागा फार. पानावर काळ्या कागदाची पट्टी लावायची, पान उन्हात ठेवायचं, मग पानाचा हिरवा रंग काढून, पिष्ट (स्टार्च) असेल तिथं निळं-काळं करणारं आयोडिन टाकून बघायचं. झाकलेला भाग पिवळट-तपकिरी राहायला हवा, उघडा भाग निळा-काळा व्हायला हवा.

सगळंच पान काळं झालं, तर रोप आधी अंधारात ठेवायचं राहिलं असं समजा. पानात आधीचं पिष्ट साठलेलं असतं, ते संपायला एक-दोन दिवस लागतात. जास्वंदीची कुंडी शुक्रवारी संध्याकाळी कपाटात ठेवा, सोमवारी सकाळी बाहेर काढा.

पट्टीखालचा भागही फिकट निळा झाला, तर उजेड शिरलाय. पट्टी पानाच्या दोन्ही बाजूंनी लावा आणि क्लिपांनी दाबा.

कुठलाच भाग निळा झाला नाही, तर दोन शक्यता. पानाचा हिरवा रंग नीट निघाला नसेल. वड किंवा रबराच्या जाड, चकचकीत पानाच्या नादाला लागू नका, त्यांचा रंग सहजी निघत नाही. दुसरी शक्यता खास आपल्याकडची. सोलापूर हे कांद्याचं मोठं मार्केट, त्यामुळे एखादा शेतकऱ्याचा मुलगा हौसेनं कांद्याची पात घेऊन येतो. ती कितीही उन्हात राहिली तरी निळी होत नाही, कारण कांदा पातीत पिष्ट न साठवता साखर साठवतो. त्या मुलाला 'तुझं चुकलं' म्हणू नका. जास्वंदीशेजारी त्याची पातही तपासा आणि दोन्ही निकाल फळ्यावर लिहा.

आयोडिन मेडिकलमधून आणलं असेल तर ते पातळ करा. घट्ट आयोडिनमध्ये सगळंच गडद तपकिरी दिसतं आणि मुलं त्यालाच निळं म्हणून मोकळी होतात.

आता धोक्याचं. पानाचा रंग काढायला स्पिरिट लागतं आणि ते ज्योतीवर तापवायचं नाही, कधीच नाही. आधी पान साध्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं उकळा, मग शेगडी बंद करून ती टेबलावरून हलवा, आणि स्पिरिट व पान घातलेली परीक्षानळी त्याच गरम पाण्यात उभी करा. स्पिरिट ७८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे नुसत्या गरम पाण्यावर काम होतं. स्पिरिटची बाटली शिक्षकाच्याच हातात राहावी, 'हुशार मुलगा आहे, करेल' वगैरे काही नाही. रंग गेलेलं पान कडक होतं, ते गरम पाण्यात बुडवून मऊ करा, नाहीतर पसरताना तुकडे पडतात.

याच धड्यात एक वाक्य सर्रास फळ्यावर येतं : 'झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री कार्बन डायऑक्साइड.' ऐकायला छान, पण मुलाला वाटतं की झाड दिवसा श्वसनच करत नाही. झाड चोवीस तास श्वसन करतं. दिवसा त्याचं अन्न बनवण्याचं काम जोरात चालतं, त्यात बाहेर पडणारा ऑक्सिजन श्वसनाला लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा बराच जास्त असतो, एवढंच. रात्री खोलीत कुंडी ठेवली तर जीव गुदमरतो म्हणणाऱ्या आजीला नातवानं सांगावं, की शेजारी झोपलेले आजोबा त्या कुंडीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात.

मेणबत्तीचं जुनं लबाड उत्तर

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं. 'ऑक्सिजन जळून गेला, म्हणून तेवढी जागा पाण्यानं घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, पाणीही तेवढंच चढलं.' हे मी स्वतः शाळेत पाठ केलंय आणि पुढे वर्गात पाठ करूनही घेतलंय. ते चूक आहे.

मुलांना नीट बघायला सांगा. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढत नाही, ती विझल्यावर झपकन चढतं. ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडेही येतात. ज्योतीनं हवा तापून फुगलेली असते, थोडी बाहेर पडते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते. मुख्य कारण ते. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पाणी आणखी वर चढतं. ग्लास तोच, हवा तेवढीच, मग ऑक्सिजन वाढला का? शिवाय ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आहे हे खरंच आहे, पण ते या ग्लासानं सिद्ध होत नाही.

बारीकसारीक, पण तास वाया घालवणारं

एलईडी एका सेलवर लागत नाही. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, म्हणजे दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक. तरी लागत नसेल तर पाय उलटे जोडलेत, लांब पाय धन टोकाला जोडा. भिंतीतल्या सॉकेटला मुलांनी हात लावायचा नाही, ही सूचना दर तासाला.

चुन्याची निवळी पानपट्टीवरच्या चुन्यातूनही होते, पण ती आदल्या दिवशी करून रात्रभर न हलवता ठेवा आणि वरचं नितळ पाणीच घ्या. आधीच गढूळ असलेली निवळी फुंकर मारून आणखी गढूळ होते का, हे कुणाला कळणार? एखादा उत्साही भिडू फुंकतच राहतो आणि पांढरं झालेलं पाणी पुन्हा नितळ होतं. ते बिघडलेलं नसतं, जादा कार्बन डायऑक्साइडमुळे तसं होतंच. नळीतून फुंकायचं, ओढायचं नाही, आणि चुना डोळ्यापासून लांब.

हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो. लिंबात तो पिवळाच राहतो, साध्या पाण्यातही पिवळाच. त्यामुळे हळदीवरून आम्ल ओळखता येत नाही, त्यासाठी लिटमस ठेवा.

सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा बघताना मुलं हवेचे बुडबुडे काढून आणतात. गोल गरगरीत, जाड काळ्या कडेचं जे दिसतं तो बुडबुडा. पेशी विटांच्या भिंतीसारख्या, लांबट आणि एकमेकींना चिकटून असतात. पापुद्र्यावरची आच्छादक काच धपकन ठेवू नका, एक कड टेकवून सुईनं हळूच खाली आणा.

वाघाची अन्नसाखळी

अन्नसाखळी म्हटलं की फळ्यावर गवत, हरीण, वाघ. आमच्या मुलांनी वाघ पाहिलाय तो टीव्हीवर. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक आता दिसणं दुर्मीळ झालंय, पण काळवीट आहेत आणि नशीब असेल तर लांडगाही दिसतो. गवत, नाकतोडा, सरडा, शिक्रा. गवत, काळवीट, लांडगा. दोन साखळ्या एकाच माळावर काढल्या की जाळं आपोआप तयार होतं. माळढोक नाकतोडे, सरडे खातो आणि धान्य, बोरंही खातो. मग त्याला कुठल्या पायरीवर बसवायचं यावर वर्गात भांडण लागतं. लागू द्या. 'माळ म्हणजे पडीक जमीन, तिथं झाडं लावा' हे उत्तर मात्र आलं तर तिथंच थांबवा. झाडी वाढली की गवतावर जगणाऱ्यांचं घर मोडतं.

शब्द आधी, वस्तू मागून

आमच्या वर्गात काही मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. मराठी मुलांनाही 'बाष्पीभवन' परकाच, तर त्यांचं काय? मी आधी शब्द फळ्यावर लिहायचो आणि व्याख्या पाठ करून घ्यायचो. पाठ व्हायची, पोचायची नाही. एकदा उकळत्या भांड्याकडे बोट दाखवून विचारलं, घरी याला काय म्हणता? 'आविरि', एक तेलुगू मुलगा म्हणाला. 'आवी', मागून कन्नड आवाज आला. 'वाफ', बाकीचे. तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले. 'बाष्प' चौथा आला, मग बिचारा कुणालाच जड गेला नाही.

ऊन जवळचं, थंडी लांबची?

उन्हाळा का होतो? 'सूर्य जवळ येतो म्हणून.' हे उत्तर आठवीपर्यंत पोचलेलं मी पाहिलंय. यावर पृथ्वीच्या आसाचा कल वगैरे लगेच काढू नका. आधी एवढंच सांगा, की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे गड्ड्याच्या (संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) थोडं आधी, आपण स्वेटर घालून हिंडतो तेव्हा. वर्ग अवाक होतो. तेव्हाच सावल्या मोजायला लावा. मैदानात मीटरभर काठी रोवायची आणि दर महिन्याला दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली मोजायची. डिसेंबरात ती लांब, मेमध्ये जवळजवळ नाहीशी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकेक दिवस सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग, हे आपलं नशीब. मेचं काम घरी गच्चीवर करायला सांगा.

गड्ड्याचा विषय निघालाच आहे तर ध्वनीचा प्रयोगही तिथलाच. गड्डा भरतो त्या होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा गच्चीवरून उजेड आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मधले सेकंद मोजायचे आणि ३४० नं गुणायचे. साडेचार सेकंद आले तर मैदान दीड किलोमीटरवर. मग नकाशात अंतर बघून ताडून घ्यायचं. इथली नेहमीची चूक म्हणजे एका बाराचा उजेड आणि दुसऱ्याच बाराचा आवाज धरणं. म्हणून माळेच्या मागे लागू नका, एकटा उडणारा मोठा बार पकडा, आणि किमान पाच वेळा मोजा.