लॅन्सलॉट समजून घ्यायचाय? आधी ती दोन पावलं बघा

लॅन्सलॉट, म्हणजे दंतकथांमधल्या आर्थर राजाचा नाईट (शूर सरदार), म्हटलं की लोक "राजाच्या बायकोवर जीव लावला, गद्दार" एवढं बोलून मोकळे होतात. मीपण पहिल्यांदा तसाच वाचला आणि हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा तीन प्रसंग घ्या, बाकीचं नंतर.

पहिला गाडीचा. १२व्या शतकातला फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्रुवाच्या काव्यात आर्थरच्या राणीला, ग्विनिव्हिअरला, पळवून नेलंय, लॅन्सलॉट मागावर आहे, घोडा मेलाय, आणि समोरून एक बुटका गाडी हाकत येतो, म्हणतो बस, उद्यापर्यंत राणीचा पत्ता लागेल. पण ही गाडी गुन्हेगारांची धिंड काढायची, बसला की अब्रू गेलीच. तो बसतो हो, पण आधी दोन पावलं घुटमळतो. पुढे तलवारीच्या पुलावरून उघड्या हातापायांनी रक्तबंबाळ होऊन पलीकडे जातो, तरी राणी तोंड फिरवते, आणि नंतर कारण सांगते की तू दोन पावलं थांबलास! इथे वाचन थांबवा आणि स्वतःलाच विचारा, चुकला कधी, थांबला तेव्हा की बसला तेव्हा? नाईट म्हणून अब्रू जपायलाच हवी, आणि प्रेमात तेच पाप. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग इंग्रज लेखक मॅलरीचं आर्थरकथांचं पुस्तक, १४८५ मध्ये मुद्रक कॅक्स्टनने छापलेलं. लढायांची जंत्री आहे, बिनधास्त पानं उलटा आणि सर अरी या जखमी नाईटवर या. त्याच्या जखमा जगातल्या सर्वोत्तम नाईटने हात लावला तरच भरणार, आणि आर्थरसकट शंभरावर लोक फेल गेलेत. लॅन्सलॉट नको नको म्हणतो, कारण ग्रेल या पवित्र पात्राच्या शोधात राणीला सोडायचा शब्द देऊन तो परत तिच्याकडेच गेलाय, हे त्याला स्वतःला माहितीये. शेवटी राजाज्ञेमुळे हात लावतो, जखमा भरतात, सगळे खूश, आणि हा मार खाल्लेल्या पोरासारखा रडतो. का रडतो ते मॅलरी सांगत नाही, तुम्हीपण लगेच उत्तर काढू नका.

शेवटचा गॅरेथचा. लॅन्सलॉटशी असलेल्या संबंधांवरून राणीला जाळायला नेतात, लॅन्सलॉट घुसतो, गर्दीत बिनशस्त्र उभ्या गॅरेथला न ओळखता मारून टाकतो, ज्याला त्यानेच नाईट केलेलं असतं! भाऊ गवेन सूड घ्यायला फ्रान्सपर्यंत जातो. तिथे दोनदा जखमी होऊन पडतो आणि पडल्या पडल्या ओरडतो, ये, संपव मला. लॅन्सलॉट म्हणतो, पडलेल्या माणसावर मी वार करत नाही.