एक कादंबरी, दोन सिनेमे: 'द क्वाएट अमेरिकन' कसं वाचायचं आणि कसं बघायचं

कादंबरीवरचा सिनेमा बघून झाला की आपण "पुस्तकच भारी होतं" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. पण गोष्टीत प्रेम आणि युद्ध दोन्ही असेल ना, तर एवढ्यावर थांबू नका. सिनेमावाल्यांनी दोष उचलून कुणाच्या डोक्यावर ठेवला ते शोधा. हे शिकायला ब्रिटिश कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनच्या 'द क्वाएट अमेरिकन'इतकं चांगलं पुस्तक मला तरी दुसरं सापडलेलं नाही, कारण यावर दोन सिनेमे आहेत, एक १९५८ चा आणि एक २००२ चा, आणि दोघांनी एकाच गोष्टीतून अगदी उलटा निकाल काढलाय. (पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे, तेव्हा वाचायची असेल तर आधी वाचून या.)

आधी दहा मिनिटं इतिहासाला द्या, जास्त नको. १९४६ पासून व्हिएतनाममध्ये तिथले राज्यकर्ते फ्रेंच आणि व्हिएत मिन्ह (कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालची स्वातंत्र्य चळवळ) यांचं युद्ध चालू होतं, मे १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच हरले आणि त्याच वर्षी जिनिव्हा करारात देशाचे दोन भाग झाले. ग्रीन त्या काळात तिथे वार्ताहर म्हणून जाऊन राहिलेला, आणि कादंबरी आली १९५५ मध्ये. अमेरिकेच्या लढाऊ फौजा उतरल्या १९६५ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर दहा वर्षांनी! हे डोक्यात ठेवून वाचलं की पानापानावर अंगावर काटा येतो.

गोष्ट थोडक्यात अशी. फाउलर हा सायगॉनमधला मध्यमवयीन ब्रिटिश पत्रकार, फुओंग नावाच्या तरुण व्हिएतनामी मुलीसोबत राहतो, पण इंग्लंडमधली बायको घटस्फोट देत नाही त्यामुळे लग्न करू शकत नाही. पाइल हा तरुण, सालस अमेरिकन, वरवर आर्थिक मदतीच्या कामाला आलेला, त्याला फुओंगशी लग्न करायचंय, आणि आतून तो जनरल थे नावाच्या माणसाला 'तिसरी शक्ती' म्हणून, म्हणजे ना फ्रेंच ना कम्युनिस्ट असा पर्याय म्हणून, उभा करतोय, त्याला स्फोटकांसाठीचं प्लास्टिक पुरवतोय. जनरल थे हा खरा माणूस होता बरं का, आणि जानेवारी १९५२ मध्ये सायगॉनच्या भर चौकात खरंच स्फोट झाले होते.

वाचताना हातात पेन्सिल घ्या. प्रेमाचं काही आलं की समासात 'प्रे', राजकारणाचं आलं की 'रा'. सुरुवातीला खुणा वेगवेगळ्या पडतात, मग जवळ येत जातात, आणि चौकातल्या स्फोटाला दोन्ही एकाच ओळीवर पडतात. फुओंग रोज ठरलेल्या वेळी तिथल्या मिल्क बारमध्ये जाते, फाउलर जीव मुठीत धरून तिला शोधायला धावतो, आणि पाइल शांतपणे सांगतो की तिला आज जाऊ नको असं मी बजावलं होतं. बास, या एका वाक्यात सगळं उघडं पडतं, कारण बजावलं म्हणजे त्याला माहीत होतं. तिथेच एक आई बसलीय, मांडीवरच्या बाळाचं जे काही उरलंय ते तिने आपल्या गवती टोपीने झाकलंय, आणि पाइलला बुटावरचं रक्त दिसतं तर त्याला काळजी कसली, तर साहेबांना भेटायच्या आधी बूट साफ करायला हवेत. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं.

आता सिनेमे. माझं ठाम मत आहे की २००२ चा आधी बघा आणि १९५८ चा नंतर. नवा फिलिप नॉइसचा, फाउलरच्या भूमिकेत मायकेल केन (ऑस्करचं नामांकन मिळालं त्याला यासाठी). यात बूट नाही, पाइल रुमालाने पँटवरचं रक्त पुसतो, आणि ज्याला व्हिएतनामी येत नाही असं आपण समजत होतो तो फाडफाड व्हिएतनामी बोलताना दिसतो. म्हणजे दिग्दर्शकाने पाइलला पुस्तकापेक्षा जास्त तयारीचा, जास्त कठोर केलाय. पुस्तकातला पाइल भोळा आहे म्हणूनच भयंकर आहे, आणि ते मला जास्त खरं वाटतं. हा सिनेमा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बरेच महिने अडकून पडला होता, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्टसुद्धा राजकारणातून सुटली नाही.

मग जोसेफ मॅन्किविचचा १९५८ चा लावा. थोडा संथ आहे, धीर धरा. यात अमेरिकन चक्क निर्दोष आहे, त्याचं प्लास्टिक खेळण्यांसाठी, स्फोट कम्युनिस्टांचा, आणि फाउलरला त्यांनी मत्सरापायी मूर्ख बनवलेलं. या अमेरिकनच्या भूमिकेला घेतलंय ऑडी मर्फीला, दुसऱ्या महायुद्धात ढीगभर शौर्यपदकं मिळवलेला खराखुरा सैनिक, म्हणजे चेहरा बघूनच प्रेक्षकाचा विश्वास बसावा. शेवटी तर पडद्यावर दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना आणि अध्यक्षांना अर्पणपत्रिका येते. ग्रीन प्रचंड भडकला होता आणि ते बरोबरच होतं, कारण इथे प्रसंग तेच ठेवून कारणच बदललंय. म्हणून सांगतो, किती प्रसंग गाळले ते मोजत बसू नका, चौकाचा प्रसंग तिन्हीकडे शेजारी शेजारी ठेवा आणि एकच विचारा, इथे आधीपासून कुणाला माहीत होतं?

दुसरी जागा म्हणजे खिडकी. फाउलर पुस्तक घेऊन उजेडात वाचल्यासारखा खिडकीशी उभा राहतो आणि तो कम्युनिस्टांसाठी इशारा असतो, त्याने पाइलचा जीव जाणार. हे तो मेलेल्यांसाठी करतो की फुओंग परत मिळावी म्हणून? कादंबरी उत्तर देत नाही. सिनेमा देतो का ते बघा.

शेवटी फुओंगसाठी एक वेगळी फेरी करा. १९५८ मध्ये ही भूमिका इटालियन नटी जॉर्जिया मॉलने केलीय, २००२ मध्ये दो थी हाय येन या व्हिएतनामी नटीने. घरातले प्रसंग आवाज बंद करून बघा आणि नुसतं तिच्याकडे लक्ष ठेवा, कुणी बोलत असताना ती कुठे बघते, हात काय करतात. पुस्तकात ती फाउलरसाठी अफूची चिलीम भरत बसते, दिव्यावर गोळी गरम करत, आणि ते दोघे पुरुष तिच्यासमोरच तिच्या भविष्याचा सौदा करतात. पुस्तकात शेवटी ती फाउलरकडे परत येते, १९५८ च्या सिनेमात ती त्याला नाकारते. आता हे नाकारणं तिला दिलेला मान आहे की फाउलरला दिलेली शिक्षा, ते तिचा शेवटचा प्रसंग दोनदा बघून ठरवा, पहिल्यांदा मलाही कळलं नव्हतं.