क्लॅनची ड्युएल लॅडर मध्येच बंद पडते ती या चुकांमुळे

क्लॅन म्हणजे ऑनलाइन गेम एकत्र खेळणाऱ्यांचा गट, आणि ड्युएल लॅडर म्हणजे त्यातल्या एकास-एक मॅचेसची क्रमवारी: खालचा वरच्याला चॅलेंज करतो आणि जिंकला तर त्याची जागा घेतो. क्लॅनमध्ये अशी लॅडर जाहीर झाली की पहिल्या आठवड्यात उत्साहाला तोटा नसतो. नावं धडाधड येतात, मध्यरात्र उलटली तरी मॅचेस चालू असतात, हरलेला लगेच दुसऱ्याला चॅलेंज टाकतो. मग चॅलेंजेस रोडावतात, वरचे तीन-चार जण जागचे हलेनासे होतात, आणि एक दिवस लक्षात येतं की आठवडाभर एकही मॅच झालेली नाही. अशा वेळी आयोजक सगळं खापर सदस्यांवर फोडून मोकळे होतात: ‘लोकांना इंटरेस्टच नाही.’ मला हे पटत नाही. इंटरेस्ट असतो, नियम आडवे येतात. भांडणामुळे लॅडर क्वचितच बुडते, मॅचेस न झाल्यामुळे मात्र हमखास बुडते. म्हणून कुठलाही नियम लिहिताना एवढंच तपासा, की याने पुढची मॅच होणं सोपं होतंय की अवघड.

हरण्याची शिक्षा फार मोठी ठेवणे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती दिसायला अगदी निरुपद्रवी असते. नियम असतो, ‘जिंकणारा आणि हरणारा जागा बदलतील.’ आता नवव्या क्रमांकाच्या खेळाडूने तिसऱ्याला हरवलं असं धरा. नववा तिसरा झाला, ते ठीकच. पण तिसरा एका मॅचमध्ये सहा पायऱ्या घसरून नववा झाला. पुढच्या वेळी खालून चॅलेंज आलं की तो टाळाटाळ करणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

त्याऐवजी सरकवण्याची पद्धत ठेवा. जिंकणारा तिसरा होतो, हरणारा चौथ्यावर येतो, आणि चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे सगळे एकेक पायरी खाली सरकतात. हरण्याची किंमत फक्त एक पायरी. मधले लोक न खेळताच खाली जातात, त्यामुळे थोडी कुरकुर होईल. ती होणार हे गृहीत धरून सुरुवातीलाच समजावून सांगा. खरं तर ही कुरकुर कामाचीच आहे, कारण नुसतं बसून राहिलं तरी जागा जाते हे त्यातून सगळ्यांना कळतं.

किती पायऱ्या वरच्याला चॅलेंज करता येईल, हाही याच हिशेबाचा भाग. फक्त एक पायरी ठेवली, तर 20 जणांच्या लॅडरमध्ये तळातल्याला शिखर गाठायला 19 विजय लागतात, आणि वरचा गडी सुट्टीवर गेला की खालचा अडकून पडतो. तीन पायऱ्यांची मुभा दिली, तर सात विजय पुरतात. मर्यादाच नसेल, तर सगळे पहिल्या क्रमांकावर तुटून पडतात आणि तो बिचारा चार दिवसांत कंटाळतो. छोट्या क्लॅनसाठी दोन-तीन पायऱ्या, 30 च्या पुढे माणसं असतील तर चार-पाच, हे मला योग्य वाटतं.

‘बघू, वीकेंडला खेळू’

चॅनेलवर नेहमी दिसणारं संभाषण असं असतं: ‘भावा, चॅलेंज. कधी जमेल?’ ‘बघू, वीकेंडला खेळू.’ शनिवारी पहिला ऑनलाइन येतो, दुसरा दिसत नाही. रविवारी दुसरा येतो, तोवर पहिला लॉगआउट झालेला असतो. सोमवारी दोघंही आपण वाट पाहिली म्हणतात आणि दोघंही खरं बोलत असतात. आयोजकाने निकाल तरी काय द्यायचा?

मुदत लिहा, आणि ती चॅलेंजच्या क्षणापासून मोजा. उत्तर द्यायला 48 तास, मॅच खेळायला सात दिवस. पण नुसती मुदत पुरत नाही, कारण मुदत संपल्यावर दोष कुणाचा हा प्रश्न उरतोच. त्यासाठी एक नियम फार उपयोगी पडतो: ज्याला चॅलेंज आलं त्याने दोन वेगवेगळ्या दिवशीच्या दोन नेमक्या वेळा चॅनेलवर लिहायच्या. वेळाच दिल्या नाहीत, तर जागा आव्हान देणाऱ्याला. दोन्ही वेळा आव्हान देणाऱ्याने नाकारल्या, तर चॅलेंज रद्द. बाकी खुलासे ऐकत बसण्याची गरजच उरत नाही.

क्लॅन वेगवेगळ्या देशांत पसरलेली असेल, तर ‘रात्री नऊ’ या शब्दांना काही अर्थ नाही. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत लिहा. डिस्कॉर्ड हे चॅट ॲप वापरत असाल, तर त्यातला टाइमस्टॅम्प टाका, म्हणजे प्रत्येकाला ती आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसते. मार्चमध्ये विशेष सांभाळा. अमेरिकेतली घड्याळं त्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा हिशेब एका तासाने चुकतो आणि विनाकारण वॉकओव्हर (न खेळताच विजय) दिले जातात.

परीक्षा, प्रवास, आजारपण यांसाठी ‘रजा’ हवीच. सीझनमध्ये एकदा, जास्तीत जास्त दोन आठवडे. रजेवरच्याला चॅलेंज करता येत नाही, पण त्याची पायरी मोजणीतही धरू नका, म्हणजे खालच्याला त्याच्या वरच्यापर्यंत पोहोचता येतं. कुणाची मॅच आधीच ठरलेली असेल, तर त्यालाही हेच लागू करा. एका वेळी एकच चॅलेंज दिलेलं आणि एकच आलेलं, एवढी मर्यादा ठेवली की कुणावर ओझं होत नाही.

शिखरावरचा माणूस खेळतच नाही

पहिल्या क्रमांकाला वर चॅलेंज करायला कुणी नसतं. तो थांबला की वरचा अख्खा भाग थांबतो. दहा दिवसांत एकही मॅच खेळली नाही तर एक पायरी खाली, असा नियम वरच्या पाच जणांना तरी लावा. मात्र त्याला कुणी चॅलेंजच केलं नसेल, तर ही शिक्षा अन्यायाची ठरेल. अशा वेळी त्याने स्वतःहून ‘मी अमुक दिवशी उपलब्ध आहे’ असं जाहीर केलं, तरी पुरेसं धरा.

याच्या उलट त्रासही होतो. हरलेला माणूस लगेच पुन्हा त्याच जिंकलेल्याला चॅलेंज करतो, आणि दोघांचीच मालिका चालू राहते. मध्ये किमान एक मॅच दुसऱ्या कुणाशी तरी झाली पाहिजे, एवढी अट टाकली की हे थांबतं.

मॅच गरजेपेक्षा लांबवणे

बेस्ट ऑफ फाइव्ह (पाचपैकी तीन गेम्स आधी जिंकेल त्याची मॅच) म्हणजे बेस्ट ऑफ थ्रीपेक्षा (तीनपैकी दोन) जास्त न्याय्य, असा समज असतो. हिशेब करून बघा. एका गेममध्ये जिंकण्याची शक्यता 60 टक्के असलेला खेळाडू बेस्ट ऑफ थ्री साधारण 65 टक्के वेळा जिंकतो आणि बेस्ट ऑफ फाइव्ह 68 टक्के वेळा. तीन टक्क्यांसाठी पाच गेम्सपर्यंतचा वेळ मागायचा, तर कामावरून दमून आलेला माणूस चॅलेंज पुढे ढकलणारच. मैत्रीच्या लॅडरला बेस्ट ऑफ थ्री पुरतं. एक मॅप (गेममधलं मैदान) याच्या पसंतीचा, एक त्याच्या, तिसरा उरलेल्यांमधून आळीपाळीने एकेक बॅन, म्हणजे बाद करत.

सर्व्हर आधीच ठरवा. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. एकाला 20 पिंग आणि दुसऱ्याला 120 असेल, तर निकालावरून कुरबुर होणारच. दोघांना साधारण सारखा पिंग मिळेल असा सर्व्हर घ्या, भले तो दोघांनाही थोडा लांबचा असो. एखाद्या खेळाडूच्याच मशीनवर गेम होस्ट होत असेल, तर होस्ट आळीपाळीने बदला. डिस्कनेक्टचा नियमही मॅचपूर्वीच लिहिलेला हवा: स्कोअर शून्यावर असताना कनेक्शन गेलं तर गेम पुन्हा, नंतर गेलं तर होता त्या स्कोअरवरून पुढे, आणि एकाच मॅचमध्ये तिसऱ्यांदा गेलं तर तो गेम गमावला.

निकालावरून वाद

निकाल हरलेल्याने कळवावा. त्याला खोटं सांगून काही मिळवायचं नसतं, त्यामुळे अर्धे वाद तिथेच संपतात. जिंकणाऱ्याने शेवटच्या स्कोअरचा स्क्रीनशॉट टाकावा. गेममध्ये रिप्लेची सोय असेल, तर दोघांनी फाइल पुढची मॅच होईपर्यंत जपून ठेवावी.

तरीही वाद झालाच, तर तो मुख्य चॅटमध्ये चालू देऊ नका. वेगळा थ्रेड, त्यात दोघे खेळाडू आणि एक ॲडमिन. पुरावा नसेल, तर फक्त वादातला गेम पुन्हा खेळवा आणि विषय मिटवा. तीन दिवस चौकशी करून सत्य शोधण्यात कुणाचंच भलं नाही. हॅकचा संशय असेल, तर तक्रार खासगीत घ्या. उघड आरोप एकदा झाला की तो खोटा ठरला तरी मैत्री पूर्वीसारखी होत नाही. आणि ॲडमिन स्वतः खेळत असेल, तर त्याच्या मॅचचा निकाल दुसऱ्याने नोंदवावा. तक्त्यात बदल करण्याचा अधिकार निदान दोघांकडे असू द्या, म्हणजे एक जण आजारी पडला म्हणून लॅडर अडणार नाही.

रेटिंगचा मोह

हिशेब करायला आवडणारा कुणीतरी एलो रेटिंग सुचवतोच, म्हणजे प्रत्येक निकालानंतर खेळाडूचे गुण वाढवणारी किंवा घटवणारी पद्धत. अर्पाड एलो यांची ही पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने 1960 मध्ये आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. ती उत्तम आहेच. 200 गुणांचा फरक असला, की वरच्याकडून साधारण 76 टक्के गुणांची अपेक्षा धरता येते. पण तिला भरपूर मॅचेस लागतात. पंधरा जणांच्या क्लॅनमध्ये एका सीझनमध्ये होणाऱ्या मोजक्या मॅचेसनी आकडे स्थिरावत नाहीत. शिवाय साधं एलो लावलं, तर न खेळणाऱ्याचे गुण जसेच्या तसे राहतात, म्हणजे न खेळणंच फायद्याचं ठरतं. लॅडरमध्ये आपल्या वर कोण आहे ते एका नजरेत दिसतं आणि त्यालाच चॅलेंज करावंसं वाटतं. ती मजा घालवू नका.

सुरुवात, नवखे आणि तळातले

सुरुवातीची क्रमवारी चिठ्ठ्या टाकून ठरवा. ताकदीप्रमाणे लावली, तर हलायला फारसं काही उरत नाही. मध्येच आलेल्याला थेट तळाशी ठेवलं, तर चांगला खेळाडू वैतागतो. त्याला खालच्या अर्ध्या भागातल्या कुणालाही एकदा प्रवेश-चॅलेंज करू द्या.

तळातल्या लोकांकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. ते खेळत राहिले, तर लॅडर जिवंत राहते. सर्वाधिक मॅचेस खेळणारा, सर्वाधिक पायऱ्या चढलेला यांची नावं दर आठवड्याला जाहीर करा. बक्षीस म्हणून क्लॅनमधला एखादा रोल किंवा नावाचा रंग पुरतो. पैसे मध्ये आणू नका. सीझन सहा ते आठ आठवड्यांचा असावा, शेवटची तारीख पहिल्या दिवशीच सांगितलेली असावी.

आताच अडली असेल तर

प्रथम, बरेच दिवस न दिसलेल्यांना एकेकट्याने विचारा: खेळायचंय का? उत्तर आलं नाही तर नाव काढा. मग एक मुक्त वीकेंड जाहीर करा. दोन दिवस पायऱ्यांची मर्यादा नाही, कुणीही कुणालाही चॅलेंज करावं, बेस्ट ऑफ वन. वरची गोठलेली नावं बहुतेक एवढ्यानेच हलतात. नियम बदलायचेच असतील, तर बदल पिन करून सगळ्यांना कळवा आणि त्यानंतर दिलेल्या चॅलेंजपासूनच लागू करा. आधी ठरलेल्या मॅचेस जुन्याच नियमांनी पार पडू द्या.